दोन वेळा खलाशी : आबांच्या ट्रंकेतील कागद आणि काही प्रश्न

सुरंगी (धागाकर्ती)

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, गेले त्याला येत्या मार्गशीर्षात दोन वर्षे होतील. त्यांची काळी पत्र्याची ट्रंक उघडण्याचा धीर इतके दिवस झाला नव्हता. गेल्या आठवड्यात ती उघडली, तेव्हा तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले तीन जिन्नस मिळाले : नौदलातून मुक्त होताना मिळालेली सेवापुस्तिका, रेल्वेच्या नोकरीचे पहिले ओळखपत्र आणि एक कृष्णधवल छायाचित्र. छायाचित्रात एका इंजिनासमोर आठ माणसे उभी आहेत. ओळखपत्रावर पदाच्या रकान्यात 'खलाशी' असे लिहिले आहे. आमच्या गावात आबांना लहानमोठे सगळे 'खलाशी' म्हणत, कारण त्यांनी पंधरा वर्षे समुद्रावर काढली होती. पण सरकारी कागदावर त्यांना हे पद मिळाले ते समुद्र सोडल्यावर, कल्याणच्या विद्युत लोको शेडमध्ये. हा योगायोग त्यांच्या हयातीत माझ्या लक्षात आला नाही, याची खंत वाटते.

आबांचा जन्म १९३८ चा, मालवण तालुक्यातील एका खाडीकाठच्या गावातला. आजोबा मचव्यावर काम करीत आणि नारळी पौर्णिमेनंतर जे बाहेर पडत ते पावसाच्या तोंडावरच घरी परतत. १९५७ साली आबा नौदलात भरती झाले आणि स्टोकर, म्हणजे बॉयलर सांभाळणाऱ्यांच्या, शाखेत गेले. त्यांचे शिक्षण लोणावळ्याच्या 'आयएनएस शिवाजी' येथे झाले. समुद्रावर जाण्याच्या ओढीने घर सोडलेल्या मुलाला नौदलाने आधी सह्याद्रीच्या माथ्यावर नेऊन ठेवले, असे ते नेहमी सांगत. तिथे रात्री बराकीत पडल्यावर घाट चढून येणाऱ्या गाड्यांचा आणि त्यांना मागून रेटणाऱ्या बँकर इंजिनांचा आवाज ऐकू येई. पुढे १९७२ मध्ये नौदल सोडल्यावर त्यांनी ज्या शेडमध्ये नोकरी धरली, तिथे घाटातली हीच इंजिने दुरुस्तीला येत असत.

ते मितभाषी होते. जहाजावर तुम्ही काय करीत होता, असे विचारले तर "वाफ सांभाळत होतो" एवढेच उत्तर मिळे. शेडमध्ये काय करता, असे विचारले तर "ब्रेक बघतो" असे म्हणत. १९७१ च्या युद्धाच्या वेळी ते विक्रांत या विमानवाहू जहाजावर बॉयलर रूममध्ये होते, हे मला आईकडून कळले. त्या वर्षी पावसाळ्यानंतर त्यांची पत्रे येणे थांबले आणि जहाज कुठे आहे हे घरी कोणालाच माहीत नव्हते. आई सांगायची की जानेवारीत ते दारात उभे राहिले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांच्या कोपरापर्यंतच्या भागावर भाजल्याचे लहान लहान डाग होते आणि त्यांच्याविषयी त्यांनी कधी काही सांगितले नाही.

येथे नौदलातील आणि रेल्वेतील जाणकार मंडळी आहेत. वाफ सांभाळणे आणि ब्रेक बघणे म्हणजे नेमके काय, हे मला समजून घ्यायचे आहे.

बाष्पयंत्र

ताई, मी आबांच्या नंतरच्या पिढीतला, पण त्याच शाखेतला. वाफेवर चालणाऱ्या जहाजांवर माझी अकरा वर्षे गेली आहेत, त्यामुळे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

विक्रांत ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईत आली. तिच्यावर चार बॉयलर होते. भट्टीत तेलाचा फवारा जळतो, नळ्यांतील पाण्याची वाफ होते, ती वाफ टर्बाइन फिरवते आणि टर्बाइन पंखे फिरवतात, अशी ही साखळी असते. विमाने उडवणारे कॅटापुल्टही याच वाफेवर चालत असे. विमान फेकले जाताना वाफेचा मोठा घोट एका क्षणात निघून जातो आणि दाब खाली येतो. तो पुन्हा जागेवर आणण्यासाठी बॉयलरसमोरच्या माणसाला फवारे, हवा आणि पाणी यांचा मेळ काही क्षणांत बसवावा लागतो. पाणी कमी पडले तर नळ्या जळतात आणि जास्त झाले तर ते वाफेबरोबर टर्बाइनपर्यंत जाऊन पाती मोडते. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवरून नजर हलू न देता चार तासांची पाळी करणे, हे त्या "वाफ सांभाळण्या"मागचे काम आहे.

१९७१ ची गोष्ट तर याहून अवघड होती. आदल्या वर्षी विक्रांतच्या बॉयलरांच्या पाण्याच्या ड्रमांना तडे गेल्याचे आढळले होते आणि ते वेल्डिंगने बुजण्यासारखे नव्हते. नवे ड्रम ब्रिटनमधून यायचे होते. जहाज कित्येक महिने थंड पडून होते. १ मार्च १९७१ रोजी बॉयलर पुन्हा पेटवले गेले, पण दाब दर चौरस इंचाला ४०० पौंडांवर ठेवण्याची मर्यादा घालण्यात आली आणि त्यामुळे सुमारे २५ नॉट वेगासाठी बांधलेल्या जहाजाचा वेग १४ नॉटवर आला. विमान उडवायचे तर डेकवर समोरून जोराचा वारा लागतो आणि तो जहाजाच्या स्वतःच्या वेगातून मिळवावा लागतो, म्हणून प्रत्येक नॉट मोलाचा होता. अशा अवस्थेत ती जुलैच्या अखेरीस मद्रासला, तिथून विशाखापट्टणमला आणि पुढे अंदमानच्या बाजूला गेली. ४ डिसेंबरला तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारवर पहिला हल्ला केला. वैमानिकांची नावे आपण वाचतो आणि ती वाचलीच पाहिजेत. पण तडे गेलेल्या ड्रमासमोर, तो कधी दगा देईल याची खात्री नसताना, ज्यांनी पाळीमागून पाळी काढली, त्यांत आपले आबा होते. बॉयलर रूममध्ये उघड्या हाताला वाफेची नळी निसटती लागली तरी आपण सांगितले तसे डाग उठतात. आमच्यापैकी बहुतेकांच्या हातावर ते आहेत.

सुरंगी

बाष्पयंत्र, आपला प्रतिसाद मी भावाला मोठ्याने वाचून दाखवला आणि वाचताना दोनदा थांबावे लागले. बॉयलरविषयी आबांचे एकच वाक्य आमच्या घरात शिल्लक आहे आणि ते आजवर आम्हांला स्वयंपाकघरातले वाटत होते. कुकरच्या शिट्टीकडे आईचे लक्ष नसले की ते म्हणत, "आदी पुटपुटता, मगे रागावता." हे त्यांनी कुठे शिकलेले होते ते आज कळले.

आणखी एक आठवण सांगते. दर वर्षी ९ डिसेंबरला आबा रात्रीचे जेवत नसत. लहानपणी आम्हांला तो एखादा उपास वाटायचा. ती १९७१ च्या युद्धात नौदलाचे खुकरी जहाज बुडाल्याची तारीख आहे, हे मला कॉलेजात गेल्यावर समजले. त्या जहाजावर त्यांच्या लोणावळ्याच्या तुकडीतला एक जण होता.

बाष्पयंत्र

दीवजवळ त्या रात्री खुकरीवरचे १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज न सोडता त्याच्याबरोबर गेले, ही हकिकत सर्वांना ठाऊक आहे. पाणतीराचा आघात होतो तेव्हा खालच्या भागात पाळीवर असलेल्यांना वर येण्यासाठी उभ्या शिड्या आणि अरुंद झाकणे एवढीच वाट असते. आबांना ती वाट पावलापावलाने माहीत होती, म्हणून त्या रात्री घास उतरत नसणार. यापेक्षा जास्त मला लिहवत नाही.

पिटलाइन

मी कल्याण शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालो. नोकरीला लागलो १९८१ मध्ये, तेव्हा ताईंचे वडील बहुधा तिथेच असणार. शेड मोठे होते आणि पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळे नाव कळल्याशिवाय ओळख पटणार नाही. येथे नाव लिहू नये, व्यक्तिगत निरोपातून कळवावे.

"ब्रेक बघतो" या दोन शब्दांत काय काय येते ते सांगतो. कर्जत ते लोणावळा हे अंतर २८ किलोमीटर आहे आणि घाटाचा चढ ३७ ला १ इतका आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर गाडी १ मीटर वर चढते. रेल्वेच्या हिशेबात हा फार तीव्र चढ आहे. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिने जोडतात, ती गाडीला लोणावळ्यापर्यंत रेटतात आणि तिथे सुटतात. चढताना इंजिनाच्या मोटरांचा कस लागतो, पण खरी भीती उतरताना असते. उतारावर गाडी ताब्यातून सुटली तर तिला वळवून घेण्यासाठी घाटात चढत्या दिशेने जाणाऱ्या कॅच सायडिंग बांधलेल्या आहेत आणि मंकी हिल व ठाकूरवाडी येथे गाडी थांबवून ब्रेक तपासल्यावरच पुढे सोडतात. घाटातून परत आलेल्या इंजिनाचे बिडाचे ब्रेक ब्लॉक उष्णतेने निळसर पडलेले असत. शेडमध्ये इंजिन पिटवर, म्हणजे रुळांखालच्या खड्ड्यावर, घेतले की खाली उतरून प्रत्येक ब्लॉकची जाडी, पिना, लिंका आणि हँगर पाहावे लागत. एक पीन झिजलेली राहिली तर तिचे मोल घाटात मोजावे लागते.

आबा लागले तेव्हा चित्तरंजनच्या कारखान्यात बांधलेली डब्ल्यूसीजी-२ जातीची इंजिने नुकतीच येऊ लागली होती. ती एकूण ५७ बांधली गेली. त्यांच्या जोडीला १९२८ पासूनची ईएफ-१ इंजिनेही काम करीत होती. दोन्ही बाजूंना लांब नाक आणि मध्ये केबिन असलेल्या या इंजिनांना जगभर 'मगर' म्हणतात, आमची माणसे त्यांना 'खेकडा' म्हणत. त्यांतले एक मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात ठेवलेले आहे. ताईंनी छायाचित्रातील इंजिन कसे दिसते ते सांगितले तर काळाचा अंदाज करता येईल.

आता पदाविषयी. शेडमध्ये नवा माणूस खलाशी म्हणून लागत असे, पुढे खलाशी हेल्पर, मग परीक्षा देऊन फिटर. जड सामान उचलणे, पिट साफ करणे, मिस्त्रीला हत्यार हातात देणे ही खलाशाची कामे. पंधरा वर्षे जहाजाचे बॉयलर सांभाळलेल्या माणसाला वयाच्या चौतिसाव्या वर्षी पुन्हा तळापासून सुरुवात करावी लागली, ही गोष्ट मला रेल्वेवाला म्हणून टोचते. त्यांच्या हाताला जे येत होते त्याची नोंद घेणारा रकाना त्या अर्जात नव्हता.

खाडीकाठ

मालवणच्या बाजूचा असल्यामुळे एक गोष्ट नोंदवतो. आमच्याकडे 'खलाशी' या शब्दात कमीपणा नाही. गलबतावर तांडेल आणि त्याच्या हाताखाली खलाशी असत, आणि वाऱ्याची दिशा तांडेलाइतकीच खलाशालाही कळावी लागे. पिटलाइन यांना जे टोचते ते मला समजते, पण ज्यांचे वडील मचव्यावर होते त्या आबांना हे पद परके वाटले नसावे. कदाचित बापाचेच नाव पुन्हा हाती आल्यासारखे वाटले असेल.

सुरंगी

खाडीकाठ, आपण म्हणता ते खरे असावे. निवृत्तीच्या दिवशी, म्हणजे १९९६ मध्ये, हारतुरे घेऊन घरी आल्यावर ते आईला म्हणाले होते, "खलाशी म्हणान इलंय, खलाशी म्हणान जातंय." प्रत्यक्षात ते तोवर फिटर झाले होते. आई म्हणाली, तसे बोलताना त्यांचा चेहरा प्रसन्न होता. पण पिटलाइन यांचे म्हणणेही मी बाजूला ठेवू शकत नाही, कारण पहिली दोन वर्षे ते घरी आल्यावर कोणाशी बोलत नसत, असेही आईच सांगायची.

छायाचित्रातील इंजिनाला लांब नाक नाही. ते चौकोनी तोंडाचे आहे आणि बफरच्या वर आडवे पट्टे आहेत. माणसांपैकी एकाच्या हातात लांब दांड्याचा हातोडा आहे. आबांच्या हातात एक फूटभर लांब स्क्रू ड्रायव्हर आहे, तो मी लगेच ओळखला, कारण तो आमच्या घरात कायम होता. मिक्सर, पंखा, शेजाऱ्यांची पाण्याची मोटर, काहीही बिघडले की आबा त्या स्क्रू ड्रायव्हरचे टोक यंत्रावर टेकवीत आणि लाकडी मूठ कानाला लावून डोळे मिटत.

पिटलाइन

मग ते डब्ल्यूसीजी-२ असणार, म्हणजे छायाचित्र १९७२ नंतरचेच. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावणे ही जुन्या फिटरांची पद्धत होती. बेअरिंगमधली एखादी गोळी फुटली असेल तर तिची खरखर लोखंडातून थेट कानात येते, जी शेडच्या गोंगाटात मोकळ्या कानाला कधीच ऐकू येणार नाही. हातोडा असतो तो बोल्ट आणि रिव्हेट यांवर टपटप मारण्यासाठी. पक्का बोल्ट खणखणतो, सैल झालेला बद्द वाजतो.

बाष्पयंत्र

आम्हीही जहाजावर पंपांचे बेअरिंग असेच ऐकत होतो. आबांनी ती विद्या समुद्रावरून शेडमध्ये नेली असेल.

जुनीपाने

विषयाला धरूनच एक प्रश्न विचारतो. १९७४ च्या मे महिन्यात रेल्वेचा देशव्यापी संप झाला, ८ तारखेला सुरू होऊन २७ तारखेला मागे घेतला गेला. आबा तेव्हा नोकरीत नवे होते आणि त्यांच्यामागे सशस्त्र दलाची शिस्त होती. त्यांनी संपात भाग घेतला होता काय? माझ्या मते, सैन्यातून आलेल्या माणसाने त्या वेळी कामावर जाणेच त्याच्या शपथेशी सुसंगत ठरले असते. हे मी टीका म्हणून लिहीत नाही, मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.

सुरंगी

आबा संपात होते. वीस दिवस ते कामावर गेले नाहीत. कॉलनीत रात्री पोलिसांच्या गाड्या फिरत, पुरुष मंडळी घरी झोपत नसत आणि क्वार्टर रिकामे करण्याच्या नोटिसा दारांवर लागल्या होत्या. आमच्या घरी नौदलाचे थोडेसे निवृत्तिवेतन येत होते, म्हणून आईच्या तांदळाच्या डब्यातून शेजारच्या दोन घरांना तांदूळ जात असे. मी तेव्हा सहा वर्षांची होते आणि अंधारात डबा घेऊन जाण्याचे काम माझे होते, कारण लहान मुलीकडे कोणी पाहत नाही.

शपथेविषयी आपण जे विचारता, तेच माझ्या मामांनी त्यांना तेव्हा विचारले होते. मामा शिक्षक होते आणि संपाच्या विरोधात होते. आबांनी दिलेले उत्तर मामांनी मला कितीतरी वर्षांनी सांगितले. १९५७ मध्ये आबा भरती झाले तेव्हा जुन्या नौदलातले काही चीफ अजून सेवेत होते, ज्यांनी फेब्रुवारी १९४६ पाहिला होता. तलवार या तळावर निकृष्ट अन्न आणि अपमानास्पद वागणूक यांवरून १८ फेब्रुवारीला उठाव सुरू झाला, तो बंदरातल्या जहाजांवर पसरला, आणि २२ तारखेला मुंबईचे कामगार नौसैनिकांच्या बाजूने रस्त्यावर उतरले, त्यांत गिरणीवाले होते तसे रेल्वेवालेही होते. गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे गेली. आबा मामांना म्हणाले, "त्यांनी आमच्यासाठी गाड्या बंद ठेवल्या होत्या. आज मी त्यांच्यात आहे, तर मी आत कसा जाऊ?" मामांना हे पटले नाही, पण त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

जुनीपाने

१९४६ चा हा धागा माझ्या ध्यानात आला नव्हता. माझे मत मी लगेच बदलतो असे नाही, पण आबांना शपथेचा विसर पडला होता असे आता मी म्हणणार नाही. उत्तराबद्दल मनापासून आभार.

खाडीकाठ

विक्रांत नंतर कित्येक वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. आबा पाहायला गेले होते का?

सुरंगी

एकदाच गेले, भावाला घेऊन. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली, म्हणजे आबांच्या निवृत्तीनंतर वर्षाच्या आत, आणि त्यानंतर काही वर्षांनी ती लोकांना पाहण्यासाठी खुली झाली. भाऊ सांगतो की लोक डेकवर विमानांसोबत छायाचित्रे काढीत होते आणि आबा हँगरमध्ये एका पोलादी भिंतीला तळहात लावून बराच वेळ उभे होते. भावाने विचारले तेव्हा म्हणाले, "थंड आहे." २०१४ मध्ये ती मुंबईतील दारूखाना येथे, जिथे जुनी जहाजे तोडतात तिथे, तोडायला गेल्याची बातमी आली, त्या दिवशी त्यांनी दूरचित्रवाणी बंद करायला सांगितली. तिच्या पोलादाचा अंश वापरून निघालेली मोटरसायकल पुढे भाच्याने घेतली. आबांनी तिच्यावरही स्क्रू ड्रायव्हर टेकवून पाहिला आणि इंजिन चांगले आहे, असे सांगितले.

नवी विक्रांत २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत नौदलात दाखल झाली, तो सोहळा त्यांनी पूर्ण पाहिला. तेव्हा ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते आणि ऐकू कमी येत होते. त्यांनी भाच्याला विचारले, "बॉयलर किती?" तिच्यावर गॅस टर्बाइन आहेत, बॉयलर नाहीत, असे त्याने कानाशी जाऊन सांगितले. त्यावर त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "मग पोरांचे हात भाजायचे नाहीत."

पिटलाइन

ताई, आपला निरोप मिळाला. नाव वाचले आणि ओळख पटली. मी लागलो तेव्हा ते तिसऱ्या पिटवर होते. मला पहिल्या आठवड्यात ब्रेकच्या पिना बदलायला त्यांनी शिकवले. जुनी पीन काढल्यावर ती टाकून न देता बोट फिरवून पाहायला लावत आणि झीज कोणत्या बाजूला आहे ते विचारत, कारण झिजेची बाजू कळली की लिंक कुठे वाकली आहे ते कळते. ते नौदलात होते हे आम्हांला ठाऊक होते, विक्रांतवर होते हे आज कळले. रविवारी सकाळी मी कल्याणला आहे. त्या पिढीतले आणखी दोघे जवळच राहतात, एकाची नजर गेली आहे पण आठवण शाबूत आहे. छायाचित्र आणावे.

सुरंगी

रविवारी साडेनऊपर्यंत पोहोचते. छायाचित्राची मोठी प्रत करून घेतली आहे आणि मागे पेन्सिलीने आकडे घातले आहेत. ज्यांना दिसत नाही त्यांना मी एकेकाची उंची, टोपी आणि हातातले हत्यार वर्णन करून सांगेन. मागच्या रांगेत डावीकडून तिसरे आबा. उरलेल्या सात जणांची नावे मला हवी आहेत.